पात्रप्रकार, साहित्यातील

कथात्म व नाट्यात्म वाङ्मयात घटनांचा भार वाहणाऱ्या, बोलणाऱ्या, कृती करणाऱ्या अथवा इतरांच्या कृतींचे परिणाम भोगणाऱ्या कल्पित व्यक्तींना ‘पात्रे’ म्हणतात. पात्र हे बहुधा मानवी असते. तथापि देवता, पशुपक्षी, नद्या, वनदेवता यांनाही पात्रत्व प्राप्त होऊ शकते. पात्रांचे स्वभाव, कथेतील कार्य, सामाजिक स्थान व घडणीची पद्धती यांस अनुसरून त्यांचे जे वर्ग पाडले जातात, त्यांस ‘पात्रप्रकार’ ही संज्ञा आहे. या वर्गीकरणाचा विचार भारतात व ग्रीसमध्ये स्वतंत्रपणे व प्राचीन काळीच झाला. भारतीय विचाराच्या कसोटीला उतरणाऱ्या आणि काही ठिकाणी त्याच्या चौकटी ओलांडणाऱ्या नाट्यकृतींमध्ये भवभूतीच्या तीन संस्कृत नाटकांचे स्थान महत्त्वाचे असून, या नाटककाराचे मूळ गाव पूर्वीच्या भंडारा जिल्ह्याच्या हद्दीत दाखविले जाते. त्याच प्रदेशात दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकनाट्यांतून ठराविक पात्रांची जिवंत परंपराही आढळते. त्यामुळे पात्रप्रकारांची शास्त्रीय व लौकिक अशी दोन्ही रूपे एकाच भूप्रदेशाच्या आधारे पाहता येतात.

वर्गीकरणाची तत्त्वे : पात्रांचे वर्ग मुख्यतः चार निकषांवर पाडले जातात. (१) कार्य : कथानकात पात्र काय करते यावरून नायक, नायिका, प्रतिनायक, सहायक, दूत इ. भेद होतात. (२) घडण : एकाच गुणावर उभे केलेले पात्र एकपदरी, तर परस्परविरोधी प्रवृत्तींनी घडलेले पात्र अनेकपदरी होय. (३) परिवर्तन : कथेच्या अखेरीस जे पात्र आरंभी होते तसेच राहते ते स्थिर, अनुभवाने ज्याची दृष्टी किंवा वृत्ती पालटते ते गतिशील. (४) प्रातिनिधिकता : एखाद्या वर्गाचे, व्यवसायाचे वा वृत्तीचे प्रतिनिधित्व करणारे पात्र नमुनेदार ठरते, तर दुसऱ्या कोणाशी अदलाबदल करता न येणारे पात्र व्यक्तिविशिष्ट असते. हे निकष परस्परांना छेदतात. एखादे पात्र कार्याने सहायक, घडणीने अनेकपदरी आणि वृत्तीने स्थिर असू शकते. म्हणून पात्राला एकच नाव देऊन विवेचन संपविणे इष्ट नसते.

भारतीय विचार : भरताच्या नाट्यशास्त्रात मानवी प्रकृतीचे उत्तम, मध्यम व अधम असे तीन भेद सांगून नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे चार प्रकार केले आहेत. ‘धीर’ हे पद चारही प्रकारांत समान आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. नायक कोणत्याही वृत्तीचा असला, तरी संकटात न ढळणे ही त्याची किमान पात्रता मानली आहे. गंभीर, क्षमाशील व आत्मश्लाघा न करणारा तो धीरोदात्त. निश्चिंत व कलासक्त तो धीरललित. शांत वृत्तीचा ब्राह्मण, अमात्य वा वणिक तो धीरप्रशांत. आणि गर्विष्ठ, मत्सरी, मायावी तो धीरोद्धत. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात माळव्याच्या मुंज राजाच्या आश्रयास असलेल्या धनंजयाने दशरूपकात हे विवेचन नेटके केले. नायिकेविषयीच्या वर्तनावरून अनुकूल, दक्षिण, शठ व धृष्ट हे आणखी चार भेद होतात. नायिकेचे स्वीया, परकीया व सामान्या हे भेद, वय व अनुभव यांनुसार मुग्धा, मध्या व प्रगल्भा हे उपभेद आणि अवस्थेनुसार स्वाधीनपतिका, वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, कलहांतरिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका व अभिसारिका अशा आठ नायिका सांगितल्या आहेत. यांखेरीज पीठमर्द (उपकथानकाचा नायक व मुख्य नायकाचा सहकारी), विट, चेट, विदूषक व प्रतिनायक ही पात्रे येतात.

हे वर्गीकरण केवळ नावांची यादी नाही. त्यामागे रसाचे तत्त्व आहे. प्रेक्षकाच्या मनात विशिष्ट रस उत्पन्न व्हावयाचा, तर पात्राचे वर्तन त्याच्या प्रकृतीशी सुसंगत असले पाहिजे. विसंगती आली की रसभंग होतो. यास्तव मूळ कथेतील जो भाग नायकाच्या प्रकृतीला वा रसाला बाधक असेल, तो नाटककाराने गाळावा अथवा बदलावा, असे दशरूपकात सांगितले आहे. म्हणजे पात्रप्रकार हा कथानकावर नियंत्रण ठेवणारा नियम ठरतो.

पाश्चात्त्य विचार : ॲरिस्टॉटलने पोएटिक्समध्ये कथानकाला प्रथम व स्वभावचित्रणाला दुसरे स्थान दिले. शोकात्मिकेचा नायक अगदी निर्दोष वा अगदी दुष्ट नसावा आणि त्याचा ऱ्हास काही प्रमादातून व्हावा, असे त्याचे मत होते. त्याचा शिष्य थीओफ्रॅस्टस याने चापलूस, बडबड्या, कंजूष अशा तीस मनुष्यनमुन्यांची छोटी शब्दचित्रे लिहिली. नमुनेदार पात्रांच्या अभ्यासाचा हा एक आद्य ग्रंथ समजला जातो. इटलीतील कॉमेदिया देल्लार्ते या नाट्यप्रकारात लोभी म्हातारा, पंडितमन्य वैद्य, बढाईखोर शिपाई, धूर्त नोकर ही पात्रे ठरलेली असत व त्यांपैकी बहुतेकांचे मुखवटेही ठरलेले असत. विसाव्या शतकात रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये अद्भुतकथांचे विश्लेषण करून पात्रांची विभागणी स्वभावाऐवजी कार्यक्षेत्रांवरून केली. खलपुरुष, दाता, साहाय्यक, राजकन्या व तिचा पिता, पाठविणारा, नायक आणि तोतया नायक ही त्याची सात क्षेत्रे होत. इंग्रज कादंबरीकार ई. एम्. फॉर्स्टर याने ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल (१९२७) या व्याख्यानग्रंथात सपाट आणि गोलाकार पात्रे असा भेद केला. जे पात्र एका वाक्यात सांगता येते ते सपाट. जे पटेल अशा रीतीने वाचकाला चकित करू शकते ते गोलाकार. सपाट पात्र हीन असते, असे फॉर्स्टरचे म्हणणे नाही. ते चटकन ओळखता येते व दीर्घकाळ लक्षात राहते, हा त्याचा गुणच त्याने मानला आहे.

भवभूतीची पात्रे : भवभूती हा आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील नाटककार. आपले घराणे विदर्भातील पद्मपूर नगरीचे, काश्यप गोत्राचे व तैत्तिरीय शाखेचे असल्याची माहिती त्याने स्वतःच नाटकांच्या प्रस्तावनांत दिली आहे. वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळील पदमपूर असे प्रतिपादन केले. हे गाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाल्यापासून ते गोंदिया जिल्ह्यात मोडते. कनौजचा राजा यशोवर्मा याच्या आश्रितांत भवभूती होता, असे कल्हणाच्या राजतरंगिणीवरून कळते. महावीरचरित, मालतीमाधव व उत्तररामचरित ही त्याची तीन नाटके. पहिले व तिसरे रामकथेवर असून प्रत्येकी सात अंकांचे आहे. दुसरे कल्पित कथानकावरील दहा अंकी प्रकरण आहे.

पात्रप्रकाराचा नियम कथानक कसे घडवितो, याचे उत्तम उदाहरण महावीरचरितात मिळते. वालीला आडून मारणे हे रामासारख्या धीरोदात्त नायकाला शोभणारे नाही. म्हणून भवभूतीने रावणाचा अमात्य माल्यवान याच्या कारस्थानाची योजना केली. त्याच्या चिथावणीने वालीच रामावर चाल करून येतो व युद्धात मारला जातो. शूर्पणखा मंथरेच्या देहात शिरून वनवासाचा घाट घालते, त्यामुळे कैकेयीवरील दोषही हलका होतो. दशरूपकावरील अवलोक टीकेत वालिवधाच्या या बदलाचा उदाहरण म्हणून निर्देश आहे. मात्र या सोयीची किंमतही द्यावी लागते. नायक निष्कलंक झाला, की त्याच्या मनातील द्वंद्वही संपते. महावीरचरितातील राम वंदनीय वाटतो, परंतु जवळचा वाटत नाही. त्या नाटकातील अधिक रेखीव व्यक्तिमत्त्व डाव रचणाऱ्या व डाव फसताना पाहणाऱ्या वृद्ध माल्यवानाचे आहे.

मालतीमाधवातील माधव हा धीरप्रशांत नायकाचा आदर्श म्हणून शास्त्रग्रंथांत उल्लेखिला जातो. विदर्भातील कुंडिनपूरच्या अमात्याचा हा पुत्र अध्ययनासाठी पद्मावती नगरीत येतो आणि तेथील अमात्यकन्या मालतीच्या प्रेमात पडतो. परंतु राजाला मालतीचा विवाह आपल्या मर्जीतील नंदनाशी व्हावयास हवा आहे. निराश झालेला हा ‘शांत’ नायक पाचव्या अंकात स्मशानात पिशाचांना नरमांस विकावयास जातो आणि तेथेच अघोरघंट कापालिकाच्या हातून बळी जाणाऱ्या मालतीला सोडवितो. वर्गाचे नाव शांततेचे, कृती मात्र उग्र. या विसंगतीतूनच माधवाला व्यक्तित्व येते. त्याचा मित्र मकरंद हा अवलोक टीकेत पीठमर्दाचे उदाहरण म्हणून दिला आहे. वाघाच्या तावडीतून मदयंतिकेला सोडविणारा आणि मित्रासाठी मालतीचा वेष घेऊन नंदनाशी लग्न लावून घेणारा मकरंद वीर व विनोद ही दोन्ही कार्ये पार पाडतो.

भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही, ही बाब अभ्यासकांनी वारंवार नमूद केली आहे. कालिदासाच्या शाकुंतलातील माधव्य किंवा शूद्रकाच्या मृच्छकटिकातील मैत्रेय यांच्यासारखे, नायकाच्या दुःखाला हलके करणारे पात्र येथे मिळत नाही. त्याचा परिणाम सरळ आहे : नायकाला आपले दुःख टाळता येत नाही आणि प्रेक्षकालाही उसंत मिळत नाही. एखाद्या रूढ पात्रप्रकाराचा अभावसुद्धा नाटकाचा स्वर ठरवितो, हे यावरून ध्यानात येते.

मालतीमाधवातील कामंदकी ही बौद्ध परिव्राजिका. प्रॉपच्या परिभाषेत ती एकाच वेळी दाता, साहाय्यक व पाठविणारी आहे. संस्कृत नाटकांत प्रेमिकांची गाठ घालून देणारी संन्यासिनी अपरिचित नाही. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रातील पंडिता कौशिकी हे तिचे पूर्वरूप म्हणता येईल. परंतु कामंदकी ही नायक-नायिकेच्या पित्यांची सहाध्यायिनी आहे, त्यांनी परस्परांना दिलेले वचन तिच्या साक्षीने दिलेले आहे, आणि मालतीवर तिचे मातेसारखे प्रेम आहे. संसार सोडलेल्या स्त्रीने दुसऱ्यांच्या संसारासाठी जीव टाकावा, या विरोधामुळे ती रूढ प्रकाराच्या पलीकडे जाते. याउलट अघोरघंट हा शेवटपर्यंत एकपदरी राहतो. त्याचे कार्य भय उत्पन्न करण्याचे असून तेवढ्यासाठी एक पदर पुरेसा असतो.

उत्तररामचरितात हा प्रश्न अधिक गहन होतो. लोकापवादामुळे राम गर्भवती सीतेचा त्याग करतो. राजा म्हणून त्याची कृती धीरोदात्त नायकाच्या लक्षणात बसते. पती म्हणून ती बसत नाही. शास्त्राने एका व्यक्तीसाठी एक प्रकार नेमला, पण या नाटकात एकाच व्यक्तीची दोन कर्तव्ये परस्परांविरुद्ध उभी राहतात. तिसऱ्या अंकात, जो ‘छाया अंक’ म्हणून प्रसिद्ध आहे, राम पंचवटीत परततो. सीता अदृश्य रूपात तेथेच आहे. वनदेवता वासंती त्याला सीतेविषयी धारदार प्रश्न विचारते व तो मूर्च्छित होतो. धीर सोडून रडणारा धीरोदात्त नायक हा वरवर पाहता लक्षणाचा भंग होय. परंतु त्याचे अश्रू एकांतात व वनात आहेत, राज्यकारभारात नाहीत. धैर्य टिकविण्यासाठी काय सोसावे लागते, हे या अंकात प्रकट होते. सीतेची अवस्थाही आठ नायिकांपैकी कोणत्याच नावात पूर्णपणे मावत नाही. ती विरहिणी आहे, पण पती प्रवासाला गेल्यामुळे नव्हे. ती रुष्ट आहे, पण कलह तिने केलेला नाही. अंकाच्या आरंभी तिच्या मनात असलेला परित्यागाचा सल रामाचे दुःख प्रत्यक्ष पाहून निवळू लागतो. संस्कृत नाटकातील गतिशील पात्रचित्रणाचे हे एक ठळक उदाहरण ठरते.

पाचव्या अंकात लव, राम आपला पिता आहे हे ठाऊक नसताना, त्याच्या ताटकावध, खरयुद्ध व वालिवध या प्रसंगांतील वर्तनावर उपरोधाने बोट ठेवतो. महावीरचरितात झाकलेला दोष येथे भवभूतीनेच नायकाच्या मुलाच्या तोंडून उघड केला. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने औचित्यविचारचर्चेत या स्थळावर अनौचित्याचा आक्षेप घेतला. मुख्य नायकाच्या वीररसाला त्यामुळे बाध येतो, असे त्याचे म्हणणे. नियमाच्या दृष्टीने हा आक्षेप रास्त आहे. तथापि ज्या मुलाला पित्याने जन्मापूर्वीच दूर लोटले, त्याच्या तोंडी हा प्रश्न येणे हेच त्या नाटकाचे सत्य आहे, असे आधुनिक वाचकास वाटल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या अंकातील शंबूकवधाचा प्रसंगही असाच. तप करणाऱ्या शूद्राचा वध करताना राम आपल्याच उजव्या हाताला निष्ठुर होण्यास सांगतो व हा सीतेला हाकलणाऱ्याचा हात आहे, याची त्याला आठवण करून देतो. शंबूक दिव्य रूप पावून कृतज्ञता व्यक्त करतो, हा भवभूतीने काढलेला मार्ग आजच्या न्यायबुद्धीला समाधान देत नाही. परंतु नायकाला आपल्या कृतीचा सल वाटतो, एवढे मात्र त्याने लपविले नाही. ‘उत्तम’ व ‘अधम’ प्रकृतींची जन्माशी घातलेली सांगड हा प्राचीन वर्गीकरणाचा सर्वांत दुबळा भाग असून, तो या प्रसंगी उघडा पडतो.

पूर्व विदर्भातील लोकनाट्ये : भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील वनबहुल व धानाच्या प्रदेशास ‘झाडीपट्टी’ म्हणतात. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत व शंकरपटाच्या निमित्ताने तेथे दंडार, खडी गंमत व नाटके यांचे प्रयोग रात्रभर चालतात. साकोली येथील हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली व दंडार यांचा विशेष अभ्यास केला आहे. खडी गंमत हा उभ्याने सादर होणारा, तमाशाशी नाते सांगणारा प्रकार असून त्यात शाहीर, स्त्रीवेषातील नाच्या व हसविणारा गंमत्या ही पात्रे प्रमुख असतात. दंडारीतही स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले.

या प्रयोगांत पात्रे ठराविक का असतात, याचे उत्तर सादरीकरणाच्या परिस्थितीत आहे. प्रेक्षक मोकळ्या जागेत, चहूबाजूंनी बसलेले. कोणी मध्यरात्री येऊन मिळणारे. बालकांपासून वृद्धांपर्यंत सर्व एकत्र. अशा वेळी पात्र प्रवेश करताच वेषावरून, चालीवरून व पहिल्या शब्दावरून ओळखले जावे लागते. स्वभावाचा सूक्ष्म उलगडा करण्यास येथे अवसर नसतो. कौशल्य असते ते ओळखीच्या साच्यात त्या दिवशीचा, त्या गावचा आशय भरण्यात. गंमत्याला सावकार, पुढारी वा अंधश्रद्धा यांच्यावर जे बोलता येते, ते गंभीर पात्राला बोलता येत नाही. संस्कृत नाटकातील विदूषक प्राकृतात बोले. झाडीपट्टीतही विनोदी प्रवेशांत बोलीचा वापर मोकळेपणाने होतो. अलीकडील काळात वडसा (देसाईगंज) हे झाडीपट्टी नाटकमंडळ्यांचे केंद्र बनले. त्यांच्या नाटकांत नायक, नायिका, खलनायक व विनोदी नट अशी स्पष्ट वाटणी असते. या रंगभूमीवरील विनोदी भूमिकांसाठी ख्यातनाम असलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. ठराविक पात्र म्हणजे गौण पात्र नव्हे, याची ही एक सार्वजनिक पोच म्हणता येईल.

आधुनिक मराठी साहित्यातील पात्रे : गो. ब. देवल यांच्या संगीत शारदा (१८९९) या नाटकात जरठ वर भुजंगनाथ, लोभी पिता कांचनभट व मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित ही नमुनेदार पात्रे आहेत. एका सामाजिक दोषाचे भाग वाटून घेतल्याप्रमाणे त्यांची रचना केली आहे. राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला (१९१९) मधील सुधाकर मात्र ॲरिस्टॉटलच्या कल्पनेतील नायकाजवळ जातो. बुद्धिमान, मानी, आणि त्या मानीपणातूनच व्यसनाकडे ढकलला गेलेला. त्याच नाटकातील तळीराम एकपदरी असूनही अविस्मरणीय आहे. ह. ना. आपटे यांच्या पण लक्षात कोण घेतो? मधील यमू स्वतःची कथा स्वतः सांगत असल्याने तिच्या जाणिवेतील बदल वाचकाला आतून कळतो. शंकरमामंजींसारखे खलपात्र मात्र बाहेरूनच दिसते. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव व पु. ल. देशपांडे यांच्या व्यक्ती आणि वल्ली (१९६२) मधील माणसे ही नमुना व व्यक्ती यांच्या सीमेवर वावरतात. विदर्भातील ग्रामजीवनावरील उद्धव शेळके यांच्या धग (१९६०) या कादंबरीतील कौतिक ही कष्टाळू गृहिणी रूढ अर्थाने नायिका म्हणता येणार नाही; तिच्यापाशी वैभव नाही, प्रणय नाही आणि विजयही नाही. तरी दारिद्र्याशी झुंजण्याचा तिचा चिवटपणा पाहता, ‘धीर’ हे नायकाचे प्राचीन लक्षण तिलाच अधिक शोभते. भालचंद्र नेमाडे यांच्या कोसलातील (१९६३) पांडुरंग सांगवीकर हा कर्तृत्वहीनतेतूनच लक्ष वेधून घेणारा प्रतिमानायक होय.

मर्यादा व उपयोग : पात्रप्रकार ही वाचकाची सोय आहे, पात्राची ओळख नव्हे. प्रकार निश्चित केल्याने लेखकाने परंपरेतून काय घेतले ते कळते. त्या प्रकारातून पात्र कोठे निसटते हे पाहिल्याने लेखकाचे स्वतःचे काय, ते कळते. वर्गीकरणच न जाणणाऱ्यास माधवाचे स्मशानात जाणे केवळ अद्भुत वाटेल व रामाचे रडणे केवळ करुण. धीरप्रशांत व धीरोदात्त या संज्ञा ज्ञात असणाऱ्यास त्यांतील धाडस उमगते. उलट, वर्गीकरणालाच अंतिम मानणारा क्षेमेंद्राप्रमाणे लवाच्या प्रश्नात केवळ दोष पाहतो. एकपदरी पात्रास कनिष्ठ व अनेकपदरी पात्रास श्रेष्ठ ठरविणेही योग्य नाही. मंडईतील मैदानावर गंमत्याच हवा असतो आणि छाया अंकात त्याला जागा नसते. पात्र कोणत्या प्रकारात मोडते यापेक्षा, त्या कृतीला त्या प्रकारच्या पात्राची गरज होती काय व ती त्याने पूर्ण केली काय, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरतो.